पाव सेकंदाचा उशीर

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमांत, कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या आवारात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समितीने मला ‘सोसायटीचे सांस्कृतिक जीवन’ असा भारदस्त विषय दिला होता. २५ वर्षांतले गणपती, हळदीकुंकू, नवरात्रातला गरबा, मुलांच्या क्रिकेट स्पर्धा या सगळ्यांचा आढावा आधीच्या वक्त्यांनी घेतला आहे आणि चांगला घेतला आहे. मी त्यातला एकच धागा उचलतो. आपले शनिवारचे भजनी मंडळ, आणि त्यातही ते फोनवर गेले त्याची गोष्ट. हा विषय आता शिळा झाला असे कुणाला वाटेल. पण गेल्या वार्षिक सभेत सूचना आली, की ‘आता हा फोनचा खेळ बंद करा, ज्यांना यायचंय त्यांनी हॉलमध्ये यावं’. ती सूचना पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवली आहे. म्हणजे विषय जिवंत आहे. मी मंडळात तबला वाजवतो, आणि नोकरीची सगळी वर्षे तलासरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर विज्ञान शिकवण्यात गेली. तेव्हा या प्रश्नाकडे तालाच्या बाजूनेही बघावे लागले आणि विज्ञानाच्या बाजूनेही.

आधी एक प्रयोग करू. पुढच्या रांगेतल्या तुम्ही दोघी, हो, तुम्हीच, एकमेकींना फोन लावा. इंटरनेटवरचा कॉल लावा. लागला? आता हिने टाळी वाजवायची, आणि तिने फोन कानाला लावून ऐकायचे. वाजव. ... कितीदा ऐकू आली? दोनदा. एकदा हवेतून, लगेच, आणि एकदा फोनमधून, उशिरा. दोघींमध्ये अंतर किती? एक पाट्याएवढं. तरी फोनमधली टाळी मागाहून आली. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. फोनचा उशीर अंतरामुळे होत नाही. निदान आपल्या गावात तरी नाही.

आता २०२० कडे जाऊ. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि हॉलला कुलूप लागले. त्याआधी आपला व्हॉट्सॲप ग्रुप होता तो मुख्यतः भूकंपासाठी. हसू नका, खरे आहे ते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात जे धक्के सुरू झाले, त्यात डहाणू-तलासरीची माणसे किती रात्री घराबाहेर झोपली हे तुम्हाला सांगायला नको. ‘हललं का?’, ‘सी विंगला जाणवलं’, ‘भांडी वाजली’, एवढाच मजकूर त्या ग्रुपवर असायचा. एकदा मी धुंदलवाडीकडच्या एका शिक्षक मित्राशी फोनवर बोलत होतो. तो म्हणाला, “गुरुजी, हललं!” आणि मग काही सेकंदांनी आमच्या खिडकीच्या काचा वाजल्या. जमिनीतून येणारी लाट सेकंदाला काही किलोमीटर धावते, तरी फोनने तिला मागे टाकले. म्हणजे भूकंपाची वर्दी द्यायला फोन भलताच चपळ आहे. तबल्याला मात्र तो पुरत नाही, हे आम्हाला पुढच्याच वर्षी कळले.

त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीला व्हॉट्सॲपने ग्रुप कॉलची मर्यादा चार जणांवरून आठवर नेली. मंडळात आम्ही नेमके आठ. पेटीवाले काका म्हणाले, “पांडुरंगानेच केलं.” आमचे एक टाळकरी वापीला कंपनीत अडकले होते. आच्छाडची हद्द बंद, गाड्या बंद, वापी इथून हाकेच्या अंतरावर आणि तरी परदेशासारखी. त्यांनाही घेता आले. शनिवारी संध्याकाळी सातला सगळे जमलो. काकांनी पेटीवर सूर दिला, आणि आम्ही सुरू केले.

जे झाले ते ऐकायला तुम्ही हवे होतात. मी काकांच्या आवाजावर ठेका धरला. काकांना माझा ठेका उशिरा पोचला, म्हणून ते थांबले. ते थांबलेले मला आणखी उशिरा पोचले, म्हणून मी थांबलो. पहिल्या कडव्याला मध्य लय, दुसऱ्याला विलंबित, आणि तिसऱ्याला मालगाडी साइडिंगला लागावी तसे भजन जागच्या जागी उभे. वापीचे टाळ तर कुठल्या तरी वेगळ्याच भजनाचे वाटत होते. शिवाय पेटीचा लांब सूर मध्येच गायब व्हायचा. काका दोन बोटे दाबून बसलेले दिसायचे, भाता हलताना दिसायचा, आणि ऐकू काहीच नाही. २२ ऑगस्टला गणपती आले. त्या दिवशी तिन्ही विंगनी मिळून मोठ्या कॉलवर आरती केली. ए विंगची पहिली आरती संपून दुसरी सुरू झाली तेव्हा सी विंग पहिल्याच आरतीच्या शेवटच्या कडव्याला होती. बाप्पाने दोन्ही ऐकून घेतल्या.

यात कुण्या एका कंपनीचा दोष नव्हता. दुसरे दोन-तीन प्रकारचे कॉल आम्ही लावून पाहिले, सगळीकडे तीच तऱ्हा. तेव्हा मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. शाळा बंदच होत्या.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सेकंदाचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाला म्हणतात मिलिसेकंद. एका मिलिसेकंदात आवाज सुमारे ३४ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे दीड वीत. हॉलमध्ये काका आणि मी दोन मीटरवर बसायचो. त्यांचा सूर माझ्यापर्यंत यायला सहा मिलिसेकंद. हे कुणाच्या कानाला कळत नाही. हॉलच्या एका टोकाला पेटी आणि दुसऱ्या टोकाला तबला ठेवला, दहा मीटरवर, तर होतात तीस. एवढ्यावर अवघड जायला लागते. संगीत एकत्र वाजवणाऱ्यांची सहनशक्ती साधारण वीस ते तीस मिलिसेकंदांच्या आसपास संपते.

आता फोन. तुमचा आवाज माइकमध्ये शिरला की त्याचे बारीक तुकडे होतात. एकेक तुकडा बहुधा वीस मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे पहिला तुकडा भरेपर्यंतच वीस गेले, अजून तो घराबाहेरही पडलेला नाही. मग तो दाबून लहान करायचा, वायफायवर किंवा टॉवरवर पाठवायचा, तिथून कुठल्या तरी सर्व्हरवर, तिथून दुसऱ्याच्या टॉवरवर. तिकडचा फोन तो लगेच वाजवत नाही. काही तुकडे लवकर येतात, काही रेंगाळतात. आवाज तुटू नये म्हणून तो थोडे तुकडे जमा करतो आणि मग सावकाश सोडतो. एस.टी. स्टँडवर कंडक्टर गाडी भरेपर्यंत घंटी मारत नाही, तसे. या सगळ्याची बेरीज दीडशे ते तीनशे मिलिसेकंद, नेटवर्क वाईट असले तर आणखी. दीडशेपर्यंतचा उशीर बोलण्याला चालतो, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शनच आहे. ही यंत्रणा बोलण्यासाठी केलेली आहे. पण पाव सेकंद उशीर म्हणजे हवेच्या हिशेबाने पंचाऐंशी मीटर. काका हॉलमध्ये पेटी वाजवतायत आणि मी सोसायटीच्या गेटबाहेर, रस्ता ओलांडून, पलीकडच्या चिकूच्या वाडीत तबला घेऊन बसलोय. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर पाव सेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा. एक मात्रा चुकलेला तबलजी आणि खड्ड्यात गेलेली बैलगाडी, दोघांना बाहेर काढायला चार माणसे लागतात.

तारेतून मात्र प्रवास काहीच नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. डहाणू ते तलासरी सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर. एका मिलिसेकंदाचा आठवा हिस्सा! तोच आवाज हवेतून गेला असता तर सव्वा मिनिट लागले असते. म्हणून म्हटले, आपल्याकडे उशीर अंतराचा नाही, यंत्राच्या सोपस्कारांचा आहे. अमेरिकेची गोष्ट वेगळी. आपल्या बी विंगचा एक मुलगा न्यू जर्सीला आहे, तो गिटार घेऊन आमच्यात यायचा. तिथपर्यंत साडेबारा हजार किलोमीटर, प्रकाशालाही एका बाजूने साठ-बासष्ट मिलिसेकंद. तिथे कितीही पैसे घाला, निसर्गच आडवा येतो.

भजन हळूहळू मंदावत का जाते, यावरही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ नावाचे संगीतकार-संशोधक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून टाळ्यांचा एक ठेका एकत्र वाजवायला सांगितला आणि मधला उशीर कमीजास्त केला. उशीर वीसेक मिलिसेकंदांच्या वर गेला की लय उतरत जाते. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबतो. यात गंमत पुढे आहे. उशीर फारच कमी, दहाच्या आत असला, तर लय उलट चढत जाते! म्हणजे माणसाला दुसरा माणूस थोडासा लांब हवा असतो. अगदी कानाशी बसलेला नको आणि गेटबाहेरचाही नको.

हे वाचले तेव्हा मला एकदम तारपा आठवला. तलासरीत नोकरी केलेल्या माणसाला तो आठवणारच. वाळलेल्या दुधीचा भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. वाजवणारा श्वास तोडत नाही, नाकाने घेतो आणि गालांत साठवून फुंकतच राहतो. तो मध्ये, आणि हातात हात गुंफलेली माणसांची साखळी त्याच्याभोवती. त्याने सूर बदलला की पावले बदलतात. तारप्याकडे कुणी पाठ करत नाही. वारली चित्रांत ते वर्तुळ तुम्ही हजारदा पाहिले आहे. आपल्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्यामुळे ते जगाने पाहिले. पण चित्रात बघणे निराळे. मी पाड्यांवर रात्र-रात्र ते पाहिले आहे, आणि शिक्षकाची खोड म्हणून वर्तुळाचे अंतर पावलांनी मोजलेही आहे. मधल्या तारप्यापासून साखळीपर्यंत पाच मीटर, सहा मीटर, साखळी मोठी झाली तर सात. करा हिशेब. पंधरा ते वीस मिलिसेकंद. चेफसाहेबांच्या प्रयोगात लय जिथे चढतही नाही आणि उतरतही नाही, नेमके तिथे ते वर्तुळ पडते. ते अंतर कुणी कागदावर काढले नव्हते.

माझा एक जुना विद्यार्थी तलासरीजवळच्या पाड्यावर असतो, चांगला तारपा वाजवतो. टाळेबंदीत त्याने एकदा आमच्या कॉलवर यायचे ठरवले. त्याचा फोन उधव्याच्या बाजूला गेला की गुजरातचा टॉवर पकडतो, म्हणून तो मुद्दाम टेकाडावर चढून बसला. वाजवायला लागला. पहिले दोन-तीन सेकंद काय आवाज आला म्हणता! आणि मग तो विरत गेला. विरत विरत नुसती खरखर उरली. त्याला वाटले रेंज गेली. रेंज होती. झाले होते ते काकांच्या पेटीचेच. फोनमध्ये मागचा गोंगाट काढून टाकण्याची सोय असते. पंखा, मिक्सर, पंप यांचा आवाज सारखा, न बदलता येतो, म्हणून जो आवाज सारखा चालू राहतो तो गोंगाट, असे फोनने धरलेले असते. बोलणे तुटक असते, ते तो राखतो. तंबोरा, पेटीचा धरलेला सूर, तारपा, म्हणजे आपल्याकडे ज्याच्यावर सगळे संगीत उभे राहते, तो आधारस्वरच फोनच्या दृष्टीने पंखा! हे मला आजही पचत नाही. काही कॉलमध्ये ही सोय बंद करता येते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ असे बटण आहे, ते चालू केले की पेटी पुन्हा ऐकू येते. पण आम्हाला ते कळायला पावसाळा उजाडला.

मग करायचे काय? जगात लोकांनी तीन-चार वाटा काढल्या आहेत. थोडक्यात सांगतो.

एक, उशीरच कमी करायचा. जॅकट्रिप म्हणून त्याच चेफसाहेबांच्या गटाची प्रणाली आहे, जॅम्युलस म्हणून फुकट मिळणारी आहे. संगणक हवा, तारेचे इंटरनेट हवे, तारेचे हेडफोन हवेत, आणि माणसे एकमेकांपासून काहीशे किलोमीटरच्या आत हवीत. ब्लूटूथ चालत नाही, तो एकटाच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातो. डहाणू-मुंबईला हे जमू शकते. पण आमच्या मंडळात संगणक दोघांकडे आणि वय साठीच्या पुढे सहा जणांचे.

दोन, एकत्र वाजवायचेच नाही. प्रत्येकाने आपापले रेकॉर्ड करायचे आणि मागाहून जोडायचे. एरिक व्हिटेकर या अमेरिकन संगीतकाराने २०१० साली १२ देशांतल्या १८५ जणांचे असे समूहगान केले होते. आपल्यालाही हे नवे नाही. दूरदर्शनवर १९८८ साली लागलेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ आठवा, त्यातले गायक काय एका खोलीत उभे होते?

तिसरी वाट मला सगळ्यांत आवडली. विनॅम्प आठवतो का? कॉम्प्युटरवर गाणी लावायला असायचा तो. त्याचा कर्ता जस्टिन फ्रँकेल, त्याने आणि त्याच्या साथीदारांनी २००५ मध्ये निंजॅम नावाची प्रणाली काढली. तिचे म्हणणे असे, की उशीर टळत नाही ना, मग तो पूर्ण करून टाका. अर्धवट पाव सेकंद ठेवूच नका. प्रत्येकाला दुसऱ्याचे वाजवणे बरोबर एक आवर्तन उशिरा ऐकवा! सोळा मात्रांचे आवर्तन धरले तर मी आत्ता जे वाजवतोय ते तुम्हाला पुढच्या समेपासून ऐकू येणार. सम समेवरच पडते. अमेरिकन माणसाने हे गिटारवाल्यांसाठी केले, पण बसते आपल्या तालाला. पेटीवाला लेहरा धरतो तेव्हा तीच ओळ आवर्तनामागून आवर्तन वाजवत असतो. मागची ओळ काय आणि आत्ताची काय, सारखीच.

आम्ही यातले काहीच जसेच्या तसे घेतले नाही. आमची वाट जून महिन्यात एका शनिवारी आपोआप सापडली. काका वैतागून म्हणाले, “सगळे आपापले आवाज बंद करा रे. मी एकटा म्हणतो.” आम्ही म्यूट केले. काका गायला लागले, पेटीची घुसमट होत होती म्हणून नुसते तोंडी. आणि प्रत्येक घरात माणूस त्यांच्याबरोबर म्हणू लागला, टाळ वाजवू लागला. मी ठेका धरला. माझ्या खोलीत काका आणि तबला बरोबर लयीत होते! वापीच्या खोलीत काका आणि टाळ बरोबर लयीत. सात घरांत सात भजने, सगळी सुरेल. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आज जमलं वाटतं.” जमले होते. फक्त ज्याने ते जमवले त्याला काहीच ऐकू येत नव्हते.

हे नीट समजून घ्या, कारण सभेतल्या सूचनेचा संबंध इथे आहे. फोनवर जो पुढे गातो तो एकटा असतो. त्याच्या मागे मंडळ आहे हे त्याला माहीत असते, पण कानाला नाही. काकांनी चाळीस वर्षे गायले ते मागून येणाऱ्या धृपदाच्या भरवशावर. ओळ टाकायची आणि ती दहा गळ्यांतून परत येते. आता ते ओळ टाकत आणि ती विहिरीत पडे. प्रत्येक भजन संपले की विचारायचे, “आहात का रे?” मग आम्ही सगळे घाईघाईने म्यूट काढून “आहोत, आहोत काका” म्हणायचो. महिनाभराने ते म्हणाले, “माझ्याने नाही होत. भिंतीला ऐकवल्यासारखं वाटतं.” म्हणून पाळी लावली. दर भजनाला पुढचा बदलायचा. एकटेपणा वाटून घ्यायचा.

त्याच दिवाळीत ए विंगच्या दहावीतल्या मुलीने एक काम केले. काकांचे एक भजन तिने रेकॉर्ड केले, ते आम्हा सातही जणांना पाठवले. आम्ही ते कानात घालून आपापला भाग फोनवर भरला आणि तिला धाडला. तिने दोन रात्री बसून सगळे जोडले. काकांना मागचा कोरस आठ महिन्यांनी ऐकू आला. त्यांनी तो फोनवर तीनदा ऐकला. आम्ही वाट बघत होतो काय म्हणतात. म्हणाले, “वापीची झांज जरा मागे पडते.” झाले! दुसऱ्या दिवशी वापीकरांनी आपला भाग पुन्हा भरून पाठवला. काका २०२१ च्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या आवाजामागे अख्खे मंडळ आहे असे रेकॉर्डिंग तेवढे एकच. हॉलमध्ये वीस वर्षे दर शनिवारी गायलो, पण तेव्हा कुणाला रेकॉर्ड करावेसे वाटले नव्हते. ती मुलगी आता इंजिनीअरिंगला आहे, आणि आज मागे साउंड सांभाळते आहे.

हॉल उघडला, मंडळ खाली आले. मी फोनचा भक्त नाही, हे स्पष्ट सांगतो. पहिल्या दिवशी हॉलमध्ये टाळ एकदम पडले तेव्हा अंगावर काटा आला, तो फोनवर कधी आला नाही आणि येणारही नाही. ज्यांना पायाने खाली येता येते त्यांनी खाली यावे. सूचना मांडणाऱ्यांचे एवढे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. सोय आहे म्हणून घरी सोफ्यावर बसून भजनाला ‘हजेरी’ लावणारे दोघे-तिघे आहेत, ते आत्ता मान खाली घालून बसले आहेत, चालू द्या.

पण सी विंगच्या आजी तिसऱ्या मजल्यावर आहेत. आपली इमारत तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. लिफ्टचा ठराव कितीदा झाला आणि कुठे अडला हे इथे काढत नाही, आज सणाचा दिवस आहे. आजींच्या गुडघ्यांनी गेली तीन वर्षे जिना पाहिलेला नाही. मंडळातल्या जुन्या चालींपैकी निम्म्या आता फक्त त्यांना येतात. त्या चाली कागदावर नाहीत, त्यांच्या माहेरच्या बायकांकडून तोंडोतोंडी आलेल्या आहेत. त्यांना आम्ही कॉलवर घेतो. त्या वरून गातात, खाली स्पीकरवर ऐकू येते.

सुरुवातीला परत तोच घोळ. आजी ओळ म्हणायच्या, आम्ही उत्साहाने त्यांच्याबरोबर म्हणायचो, तो आवाज त्यांना मागाहून पोचायचा आणि त्या अडखळायच्या. म्यूट करावे तर त्या म्हणत, “मेले सगळे गेले वाटतं.” शेवटी त्यांनीच तोड काढली. म्हणाल्या, “अरे, दळताना आम्ही दोघी कशा म्हणायचो? मी माझी ओवी म्हणायची, ती ऐकायची. मग ती म्हणायची, मी ऐकायची. एकमेकींच्या तोंडात तोंड घालत नव्हतो.” बघा, जात्यावर दोघी जणी समोरासमोर, आणि तरी एकीने संपवल्यावर दुसरीने उचलायचे. मधला तो क्षण श्वासाचा. त्यात पाव सेकंद सहज मावतो! सवाल-जवाब, भारूड, गुरूने म्हणून दाखवायचे आणि शिष्याने मागून म्हणायचे, सगळीकडे ती जागा आहे. परदेशातली आपली मुले टाळेबंदीच्या कितीतरी आधीपासून इथल्या गुरुजींकडे कॉलवर गाणे शिकतात ते याच जागेमुळे. एकदम गाणे फोनला झेपत नाही, आलटून पालटून झेपते. तबल्याला मात्र त्यात अडचण आहे. ठेका दोघांना पुरत नाही. म्हणून आजी गातात तेव्हा मी हात मांडीवर ठेवतो, आणि हॉलने उत्तर दिले की वाजवतो. वाजवण्यापेक्षा न वाजवणे अवघड जाते, पण आता सवय झाली.

पुढच्या सभेत माझी विनंती दोन गोष्टींची आहे. कॉल फक्त त्यांच्यासाठी ठेवा जे खाली येऊ शकत नाहीत. आज अशी आजी एक आहे, पण आपण सगळेच २५ वर्षांनी थोरले झालो आहोत, यादी वाढणार. आणि हॉलमध्ये तारेचे इंटरनेट घ्या. ऑफिसात आलेली जोडणी हॉलपर्यंत ओढायची आहे, एवढेच. वायफाय भिंतीआड अडखळते आणि सगळ्यात आधी ओळीचे शेवटचे अक्षर खाते. आजींच्या चालीत खरी गंमत त्या शेवटच्या अक्षरावर असते. खर्चाचा अंदाज खजिनदारांकडे दिला आहे.

आता आजी वर तयार बसल्या आहेत, मघाशी फोन आला होता. त्या गवळण म्हणणार आहेत, जुन्या चालीची, आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली नाही. ती साउंडवाली मुलगी कॉल लावते आहे. सगळ्यांनी आपापले मोबाइल खिशात ठेवा, नाहीतर आवाज घुमेल. आजींची ओळ पूर्ण संपू द्या. त्यांच्याबरोबर गुणगुणायचे नाही, टाळी वाजवायची नाही. त्या थांबल्या की मी डग्ग्यावर एक थाप देईन, मग सगळ्यांनी तीच ओळ एकदम उचलायची, मोठ्याने, वरपर्यंत फोनशिवायही जाईल अशी. लागला का ग कॉल?